आधी आगीचे कारण, मग चावी

माझदाची आरएक्स-७ पेटते ती बहुधा पुढून. बॉनेटचा रंग फुगून सोलतो, त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा मधोमध वितळून खाली लोंबतो, इंजिनावरच्या रबरी नळ्यांचा कोळसा होतो आणि आग विझवताना मारलेल्या भुकटीचा पिवळट थर सगळ्यावर बसतो. दार उघडून आत पाहावे तर खुर्च्या, डॅशबोर्ड, मागचे सामान जसेच्या तसे. अशी गाडी पाहणारा मालक असो, मेकॅनिक असो की भंगारवाला, प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो. सुरू होईल का?

पुष्कळदा होते. बॅटरी नवी घातली, तुटलेल्या वायरी जोडल्या, पेट्रोलची नळी बदलली आणि सेल्फ मारला, की रोटरी इंजिन धूर ओकत का होईना, चालू होते. खरा धोका तिथून पुढे आहे. ज्या कारणाने गाडी पेटली ते कारण अजून बॉनेटखालीच असते आणि आगीने आतल्या आत जे नासवले आहे ते शे-दोनशे किलोमीटरनंतर बाहेर येते. आगीत सापडलेली रोटरी गाडी भंगारात घालू नये, ती पुन्हा रस्त्यावर आणावी, हे या लेखाचे ठाम मत आहे. पण चावी फिरवणे हे त्या कामाचे शेवटचे पाऊल आहे आणि आज अनेक ठिकाणी ते पहिले म्हणून टाकले जाते.

या गाड्या वाचवायच्या का, याचे उत्तर आधी आकड्यांत पाहू. आरएक्स-७ तीन पिढ्यांत बनली. १९७८ ते २००२ या काळात एकूण ८,११,६३४ गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. त्यातली १९९१च्या अखेरीस आलेली तिसरी पिढी, चाहते जिला एफडी म्हणतात, ती अवघी ६८,५८९. अमेरिकेत तर ती १९९३ ते १९९५ या तीनच मॉडेल-वर्षांत विकली गेली. तिथे पंचवीस वर्षे पूर्ण झालेली परदेशी गाडी आयात करण्याची मुभा आहे, त्यामुळे २०१६ संपता संपता जपानमधल्या जुन्या एफडी अमेरिकेत उतरू लागल्या आणि मागणी आणखी वाढली. अपघात, शर्यती, हौशी मोडतोड आणि गंज यांतून उरलेल्या गाड्यांपैकी एक जळते तेव्हा ती जागा कुठलाच कारखाना भरून काढत नाही.

आता ती का पेटते, ते बघू. एफडीतल्या १३-बी इंजिनाची मांडणीच अशी आहे, की हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी तोंडे इंजिनाच्या एकाच बाजूला येतात. स्पार्क प्लग दुसऱ्या बाजूला. खाली तापलेली एक्झॉस्टची नळकांडी आणि दोन टर्बो, वर हवेचा मॅनिफोल्ड, आणि त्या मॅनिफोल्डखाली इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी. रोटरी इंजिनाचा धूर साध्या पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापलेला असतो. जोर लावून चालवताना तो ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. एफडीत त्यावर कळस म्हणजे टर्बोला लागूनच एक छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बॉनेटखाली कोंबलेला आहे. या सगळ्या उष्णतेत रबर वर्षानुवर्षे भाजत राहते.

पेट्रोलच्या नळीच्या टोकाला पल्सेशन डँपर नावाची एक छोटी डबी असते. इंजेक्टर उघडझाप करतात तेव्हा दाबाला बसणारे हिसके शोषून घेणे हे तिचे काम. आत पातळ पडदा असतो. तो वयाने आणि उष्णतेने चिरतो, मग दाबाखालचे पेट्रोल डबीतून पाझरते आणि तापलेल्या इंजिनावर पडते. डबी मॅनिफोल्डखाली असल्यामुळे बॉनेट उघडूनही गळती दिसत नाही. सूचना मिळते ती फक्त वासाने. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ हाताळणारा कुठलाही जुना मेकॅनिक पहिला संशय या डबीवर घेतो, दुसरा कडक पडलेल्या इंधननळ्यांवर. उष्णतेने खराब होणाऱ्या नळ्या बदलून देण्यासाठी माझदाला अमेरिकेत विकलेल्या सुरुवातीच्या एफडी परत बोलवाव्या लागल्या होत्या. म्हणजे दोष ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे, सुटा भाग मुठीत मावेल एवढा आहे. तरीही गाड्या जळतात. तीस वर्षांत गाडी पाच-सहा हातांतून फिरते आणि प्रत्येक नवा मालक आधी मोठा टर्बो बसवतो, नळ्यांकडे नंतर पाहतो. हा क्रम उलटा व्हायला हवा, हे कुणीतरी स्पष्ट सांगण्याची गरज आहे.

आगीने रोटरी इंजिनाचे नेमके काय होते, हे कळायला ते कशावर जगते ते माहीत हवे. ते जगते सीलवर. जर्मनीत एनएसयू कंपनीसाठी फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन १९५७ साली फिरले. त्यात वर-खाली होणारा पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. मधोमध आवळलेल्या, भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंवर आळीपाळीने हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे, बाहेर टाकणे चालू राहते. रोटरच्या तिन्ही टोकांवर बसवलेली सीलची पट्टी सतत भिंतीला घासत राहते. ती झिजली, अडकली किंवा तुटली, की दाब निसटतो आणि इंजिन संपते.

हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला तेव्हा हीच अडचण तिच्या पदरी आली. इंजिन काही काळ चालले, की पोकळीच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे आडवे चरे पडत. तिथल्या अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटले. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली खास रोटरी संशोधन विभाग उभा राहिला. त्यातल्या ४७ अभियंत्यांना जपानी आख्यायिकेतल्या ४७ सामुराईंचे नाव पडले. शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्यांनी हा प्रश्न सोडवला आणि ३० मे १९६७ रोजी कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी एनएसयूची आरओ-८० आली. १९६८ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरूनही तिच्या सीलच्या तक्रारी थांबेनात, वॉरंटीत इंजिने बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली ऑडीत विलीन झाली. कल्पना एकच होती. सील जमले ती कंपनी टिकली. माझदाच्या ७८७-बी या चार रोटरच्या गाडीने १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत जिंकणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी.

१३-बी इंजिन म्हणजे पाच ताटांची चळत. दोन ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंगे, त्यांच्या पुढे, मध्ये आणि मागे ओतीव लोखंडाची तीन तबके, आणि सगळे आवळून धरणारे अठरा लांब बोल्ट. प्रत्येक जोडात पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा. दोन रोटरांवर मिळून टोकाच्या सहा पट्ट्या, बाजूच्या बारा, कोपऱ्यातल्या बारा, ऑइल अडवणाऱ्या आठ रिंगा, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकीखाली एक नाजूक स्प्रिंग. एवढा पसारा मिळून फक्त १३०८ सीसी.

बॉनेटखाली आग लागते तेव्हा लोखंडाला फारसे काही होत नाही. ॲल्युमिनियमही पाणी आहे तोवर तग धरते, कारण भोवतीच्या पाण्याच्या वाटा त्याला उकळत्या पाण्यापेक्षा फार पुढे तापू देत नाहीत. रेडिएटरची नळी जळून फुटली आणि पाणी वाहून गेले, की ते संरक्षण संपते. म्हणून जळालेल्या गाडीत शहाणा माणूस आधी रेडिएटरच्या नळ्या बघतो. त्या शाबूत असतील आणि आत पाणी शिल्लक असेल, तर इंजिन वाचण्याची आशा मोठी आहे. त्या जळून गेल्या असतील, तर आतल्या रबरी रिंगा भाजल्या असे धरूनच चालावे. इंजिन सुरू झाले तरी पाणी हळूहळू ज्वलनकक्षात शिरते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघतो आणि एक दिवस हाउसिंग वाकते.

आग विझल्यावरचे पहिले दोन दिवस फार मोलाचे असतात आणि बहुतेक गाड्या तेच दोन दिवस उघड्यावर पावसात किंवा पोलिसांच्या आवारात काढतात. आग विझवणाऱ्यांचे पाणी जळक्या रबरी नळीतून थेट इंजिनात गेलेले असते. आतली लोखंडी तोंडे कोरडी, तेल धुऊन गेलेले. काही दिवसांतच त्यावर गंजाची तांबूस साय धरते, पट्ट्या आपल्या खाचांत जाम होतात, स्प्रिंगा सुस्त पडतात. या घडीला सेल्फ मारणे म्हणजे इंजिनाचा जीव घेणे. पाणी दाबले जात नाही. कक्षात पाणी असताना जबरदस्तीने फिरवले, तर मोडतात त्या पट्ट्या. चारही स्पार्क प्लग काढावेत, पाणी निथळू द्यावे, प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडावे आणि पुढच्या पुलीच्या १९ मिलिमीटरच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने, हळूहळू, सरळ दिशेनेच फिरवावे. खालचे प्लग काढून फिरवताना प्रत्येक रोटरमधून एकसारखे फुत्कार ऐकू यायला हवेत. रोटरच्या तीन बाजूंचे तीन. त्यातला एक मंद आला, तर त्या बाजूची पट्टी अडकली आहे. तेलात भिजवून, थांबून, पुन्हा फिरवून ती कधी सुटते, कधी सुटत नाही. घाईने ती कधीच सुटत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे आग विझवणारी भुकटी. सर्वसाधारण एबीसी भुकटीत अमोनियम फॉस्फेट असते. ती हवेतला ओलावा शोषते, आम्लधर्मी होते आणि ॲल्युमिनियम व तांबे खात बसते. आधी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी, मग खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसावे, मग वाळवावे. अनेक गॅरेजांत थेट प्रेशरचा फवारा मारतात. त्याने गाडी चकचकीत दिसते आणि भुकटी वायरिंगच्या प्रत्येक जोडात जाऊन बसते. इथे माणसाच्या जिवाचीही गोष्ट आहे. फ्लोरिनयुक्त रबराच्या ओ-रिंगा फार तापल्या, तर त्यांतून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकते. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते. जळक्या इंजिनावरचा काळा चिकट लगदा उघड्या हाताने खरवडू नये. जाड रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा ही इथे चैन नाही.

मग वायरिंग. एफडीचे इंजिन-वायरिंग आग न लागताही उष्णतेने ठिसूळ होते. हात लावला की आवरण तुकड्यांनी गळते. आगीत वायरीवरचे पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो ओलाव्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि वायरीच्या आत झिरपत जाते. जळालेल्या जागेपासून वीतभर मागे आवरण सोलून पाहावे. तांबे लालसर चमकत असेल तर ठीक. काळे पडले असेल तर अजून मागे जावे. जळका तुकडा कापून, नवा जोडून, वर टेप गुंडाळण्याची पद्धत या गाडीत चालत नाही. ईसीयू केबिनमध्ये असल्याने तो बहुधा वाचतो, पण वाचलेल्या मेंदूला कुजलेल्या नसा जोडून काय मिळणार? इंजिनाच्या बाजूचे पूर्ण हार्नेस नवे घालावे. खर्च मोठा आहे. इंजिनावर कुणी कंजूषी केली तर एक वेळ समजू शकते, वायरिंगवर केलेली कंजूषी मात्र थेट दुसऱ्या आगीकडे नेते.

रोटरीच्याच खास एका बारीक गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. हे इंजिन ऑइल मुद्दाम जाळते. एक छोटा पंप बारीक प्लास्टिकच्या नळ्यांतून थोडे थोडे ऑइल कक्षात सोडतो, त्यावर त्या टोकाच्या पट्ट्या घसरतात. त्या नळ्या उष्णतेने कडक होतात आणि आगीत तर वितळतातच. बाहेरून इंजिन उत्तम वाजते, आत पट्ट्या कोरड्या घासत असतात. त्या नळ्या बदलल्याशिवाय इंजिनाला फेर देऊ नये. निदान पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळूनच चालवावे.

धातूची परीक्षा तर बहुतेक जण करतच नाहीत. पोलाद किती तापले ते त्याच्या रंगावरून कळते. गवती पिवळा रंग साधारण २३० अंशांचा, निळा ३००च्या आसपासचा. बोल्ट, स्प्रिंग, ब्रेकच्या नळ्या यांवर निळी झाक दिसली तर तो भाग टाकून द्यावा. ॲल्युमिनियम असे काही दाखवत नाही. एफडीच्या सस्पेन्शनचे हात ॲल्युमिनियमचे आहेत, उष्णता देऊन मुद्दाम कणखर केलेले. दोनशे अंशांपलीकडे बराच वेळ राहिले, तर ती कणखरता उतरते आणि बाहेरून रंगसुद्धा बदलत नाही. विमानांच्या दुरुस्तीत अशा वेळी धातूची कठीणता आणि विद्युतवाहकता मोजतात. कठीणता मोजायचे हाती धरण्याचे यंत्र मोठ्या वर्कशॉपमध्ये असते. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाचा हात आगीतून गेला असेल, तर तो मोजून घेणे एवढी जबाबदारी मालकाने स्वीकारलीच पाहिजे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर इंजिनशेजारीच असतात. त्यांच्या रबरी कपांबद्दल तर चर्चाच नको. नवे घालावे.

एवढे ऐकल्यावर अमेरिकेत दुसरा मार्ग सुचवला जातो. जळके रोटरी काढून टाका, जनरल मोटर्सचे व्ही-८ बसवा. या सूचनेत तथ्य आहे. ते इंजिन तिथे स्वस्त मिळते, त्याचे भाग गल्लोगल्ली मिळतात, ते सहज लाखभर मैल चालते आणि त्याला सीलची भीती नाही. ज्याला रोज कामावर जायला दमदार गाडी हवी, त्याने तसे केले तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एफडीची सगळी रचना त्या छोट्या इंजिनाभोवती झाली आहे. इंजिन बुटके आणि आखूड असल्यामुळे ते पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे, खाली बसवता आले. म्हणून बॉनेट इतके खाली आले, वजन पुढे-मागे जवळपास निम्मे-निम्मे वाटले गेले, आणि गाडी वळणावर जशी वागते तशी वागते. जळालेल्या गाडीत मूळ इंजिन परत बसवण्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त महत्त्वाचे आहे. रोटरी बांधू शकणारे हात कमी होत चालले आहेत. ते हात कामावाचून राहिले, तर पुढच्या वीस वर्षांत सुटे भाग मिळूनही गाड्या उभ्याच राहतील.

हे हात काय मोलाचे असतात, याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. भारताच्या 'निशांत' या वैमानिकरहित विमानाला पूर्वी परदेशी वांकेल इंजिन लागत असे. त्याला पर्याय म्हणून देशी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन तयार झाले ते बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई ही लष्करी वाहन संशोधन संस्था आणि बंगळूरची एडीई ही विमान संशोधन संस्था यांच्या एकत्र कामातून. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी इंजिनाचा गाभा आणि पोकळीच्या भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप बनवला, अहमदनगरने इग्निशन आणि इंधनाच्या यंत्रणा सांभाळल्या. एप्रिल २००९ मध्ये कोलारला त्या इंजिनाने निशांत उडवले. हिरोशिमात १९६०च्या दशकात ज्या भिंतीवरच्या चऱ्यांशी झुंज झाली, त्याच भिंतीची झीज इथेही सोडवावी लागली. हे ज्ञान नुसत्या आराखड्यांतून पुढे जात नाही. ते माणसांकडून माणसांकडे जाते.

कारखान्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे, आणि माझदाने काही प्रमाणात तो उचलला आहे. अलीकडच्या काही वर्षांत कंपनीने दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७चे बंद पडलेले काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. २०२३ मध्ये एमएक्स-३० या गाडीत वीज बनवण्यासाठी एक रोटरचे ८३० सीसीचे नवे इंजिन आणून तिने रोटरीचे उत्पादन पुन्हा सुरू केले. बऱ्याच कंपन्या वीस वर्षे जुन्या गाडीची आठवणही ठेवत नाहीत, तिथे हे कौतुकाचे आहे. तरी मागणी करायची तर अशी करावी, की इंधननळ्या, पल्सेशन डँपर, ऑइलच्या बारीक नळ्या आणि इंजिनाचे वायरिंग हे चार भाग कंपनीने कधीही बंद करू नयेत. शोभेचे भाग नसले तर गाडी कुरूप दिसेल. हे नसले तर ती पेटेल.

विमा आणि कागदपत्रांच्या बाजूने पाहिले तर चित्र निराशाजनक आहे. अमेरिकेत आगीत सापडलेली गाडी विमा कंपनी बहुधा पूर्ण नुकसान म्हणून ताब्यात घेते, तिच्या मालकीपत्रावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो आणि ती लिलावात जाते. दुरुस्तीनंतर 'पुनर्बांधणी केलेली' असा नवा शिक्का मिळतो. अनेक राज्यांत त्यासाठी होणारी तपासणी मुख्यतः चोरीचे भाग वापरले आहेत का, हे शोधण्यासाठी असते. सांगाड्याचा नंबर आणि भागांच्या पावत्या बघतात. पाण्याच्या रिंगा, वायरीतले तांबे, सस्पेन्शनची कठीणता कुणी बघत नाही. त्यामुळे नुसते रंगवून, सुरू करून विकलेली गाडी आणि शेवटच्या बोल्टापर्यंत उघडून बांधलेली गाडी, दोघींवर शिक्का एकच. प्रामाणिक काम करणाऱ्यावर हा अन्याय आहे. यावर सरकारची वाट पाहण्यापेक्षा बांधणाऱ्याने स्वतः नोंद ठेवावी. आगीचे मूळ कुठे सापडले, काय बदलले, काय मोजले, मोजमाप किती आले, प्रत्येक टप्प्याचे फोटो. अशी फाइल नसलेली जळकी एफडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आणि मग, हे सगळे झाल्यावर, चावी. तीही लगेच नाही. आधी थंड इंजिनाच्या पाण्याच्या यंत्रणेला दाब देऊन तो टिकतो का पाहायचा. इंजेक्शनचा फ्यूज काढून सेल्फवर इंजिन फिरवायचे, ऑइलच्या काट्याने दाब दाखवेपर्यंत. त्यानंतर इंजिन बंद ठेवून निदानाच्या जोडात वायर घालून फक्त पेट्रोलचा पंप चालवायचा आणि बॅटरीच्या दिव्याच्या उजेडात प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायचा. कागद ओला झाला तर पुढचे सगळे थांबवायचे. शेजारी आग विझवण्याचे साधन हवे, शक्यतो भुकटीचे नको. गाडीभोवती मोकळी जागा हवी आणि दुसरा माणूस हवा. अमेरिकेतले विनोदकार आणि जुन्या गाड्यांचे जाणकार जे लेनो नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या १९०७ सालच्या वाफेच्या गाडीची तुंबलेली इंधननळी साफ करताना गंभीर भाजले. जवळ असलेल्या सहकाऱ्याने त्यांना बाहेर ओढून आग विझवली. आयुष्यभर गाड्या हाताळणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, तेव्हा गॅरेजात एकट्याने हे काम कुणी करू नये.

इंजिन लागले, की सुरुवातीला ओतलेल्या तेलामुळे भरपूर निळा धूर होईल, तो ओसरतो. पांढरा धूर ओसरला नाही, तर इंजिन पुन्हा उतरवून खोलायचे, मनाला कितीही लागले तरी. पहिले काही तास फेर कमी ठेवून, रोज बॉनेट उघडून नळ्या हाताने चाचपून, मगच टर्बोला मोकळीक द्यायची.

ज्यांच्या दारात दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची आरएक्स-७ उभी आहे, त्यांनी ती जळायची वाट पाहू नये. वरचा मॅनिफोल्ड एकदा उतरवावा, डँपर आणि त्याखालच्या सगळ्या इंधननळ्या नव्या घालाव्यात, तारीख लिहून ठेवावी. आणि गाडी कुठलीही असो, पुण्यातली पंधरा वर्षांची हॅचबॅक असली तरी, आत बसल्यावर पेट्रोलचा वास आला तर 'घरी जाऊन बघू' म्हणू नये. गाडी तिथेच बाजूला घ्यावी, बंद करावी, सगळ्यांना खाली उतरवावे आणि मेकॅनिकला तिथे बोलवावे.